कोणी कोणाचा दाखला दिला

1951 साली ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’च्या 193व्या खंडात अकरा पानांचा एक शोधनिबंध छापून आला. द्रावणात प्रथिन किती आहे हे मोजायचे कसे, एवढाच त्याचा विषय. लेखक चौघे: ऑलिव्हर लॉरी आणि त्याचे सहकारी रोझब्रो, फार व रँडल. त्यात नवा सिद्धांत नव्हता. पहिल्याच वाक्यात लेखकांनी वू या चिनी जीवरसायनतज्ज्ञाचे ऋण मान्य केले होते. फोलिनच्या रसायनाने प्रथिन मोजण्याची कल्पना त्याने 1922 मध्येच मांडली होती. लॉरीने तिला तांब्याच्या क्षाराची जोड दिली आणि प्रमाणे इतकी नेटकी बसवली की अगदी सूक्ष्म प्रथिनानेही परीक्षानळीत निळा रंग उमटावा. रंग जितका गडद, तितके प्रथिन जास्त.

हा निबंध लिहिण्याचीही लॉरीला घाई नव्हती. ही पद्धत त्याने न्यूयॉर्कमध्ये असताना बसवली होती. पुढे सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात तो औषधशास्त्र विभागाचा प्रमुख झाला, तेव्हा आसपासच्या प्रयोगशाळांनी ती कधीच उचलली होती. पंचाईत झाली ती वापरणाऱ्यांची. आपल्या निबंधात पद्धतीचा दाखला द्यायचा तर कशाचा द्यायचा? छापील असे काहीच नव्हते. अर्ल सदरलँड हा विद्यापीठातला सहकारी, ज्याला पुढे 1971 साली नोबेल मिळाले, तो मागे लागला तेव्हा कुठे लॉरीने हस्तलिखित पाठवले. संपादकांनी ते बरेच कापून आणा म्हणून परत धाडले. कापून पुन्हा पाठवले आणि छापले गेले.

2014 साली ‘नेचर’ साप्ताहिकाने विज्ञानातल्या सर्वाधिक दाखले मिळालेल्या शंभर निबंधांची यादी केली. पहिल्या क्रमांकावर लॉरीचा निबंध होता. तोवर 3 लाख 5 हजारांहून अधिक निबंधांनी त्याचा संदर्भ दिला होता.

हा आकडा आपल्याला आज ठाऊक आहे, कारण कोणी कोणाचा दाखला दिला याची नोंद ठेवायला दरम्यानच्या काळात कोणीतरी सुरुवात केली. त्याआधी संशोधकाची कीर्ती तोंडोतोंडी चाले. परिषदेत कोणाला बोलावले, पाठ्यपुस्तकात कोणाचे नाव आले, कोणत्या गुरूने कोणाबद्दल पत्र लिहिले, यावर ती ठरे. संदर्भसूची प्रत्येक निबंधाच्या शेवटी असायचीच. पण ती मागे बघणारी. हा निबंध कोणावर उभा आहे ते ती सांगे. या निबंधावर पुढे कोण उभे राहिले, हे सांगणारे काहीही नव्हते.

ती उणीव भरून काढली यूजीन गारफील्डने. न्यूयॉर्कमध्ये 1925 साली जन्मलेला हा रसायनशास्त्राचा पदवीधर 1951 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या वेल्च वैद्यकीय ग्रंथालयात एका प्रकल्पावर रुजू झाला. वैद्यकीय वाङ्मयाच्या सूची यंत्राच्या मदतीने करता येतील का, हे तिथे तपासले जात होते. दुसऱ्या महायुद्धानंतर निबंधांचा पूर आला होता आणि विषयवार सूची करणारी माणसे मागे पडत चालली होती. शिवाय विषय ठरवायचा कोणी? सूचीकाराने निबंधाला दिलेले शीर्षक आणि दहा वर्षांनी तो शोधणाऱ्याच्या मनातला शब्द जुळेलच असे नाही.

वाट दाखवली ती वकिलांच्या एका पुस्तकाने. अमेरिकेत 1873 पासून ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ नावाची सूची निघत होती. एखादा जुना निकाल घ्यायचा आणि त्याचा आधार नंतर कोणकोणत्या निकालांत घेतला गेला, कुठे तो उचलून धरला, कुठे फिरवला, हे त्याच्या नावाखाली बघायचे. रद्द झालेल्या निकालावर युक्तिवाद उभा करणाऱ्या वकिलाची न्यायालयात शोभा होते, म्हणून ही सूची वकिलाच्या टेबलावर असायचीच. शेपर्ड कंपनीचे निवृत्त उपाध्यक्ष विल्यम अडेअर यांनी 1953 मध्ये गारफील्डला या पद्धतीविषयी लिहिले. दोन वर्षांनी, जुलै 1955 मध्ये, गारफील्डचा विज्ञानासाठी दाखल्यांची सूची सुचवणारा लेख ‘सायन्स’मध्ये आला. त्याचा मुख्य मुद्दा आजही वाचण्यासारखा आहे: चुकीचे ठरलेले, फसवे किंवा अपुरे निष्कर्ष पुढचे लोक डोळे झाकून उचलतात, ते थांबवायचे असेल तर एखाद्या निबंधावर नंतर कोणी काय टीका केली ते वाचकाला सहज सापडले पाहिजे.

म्हणजे हे साधन जन्मले ते वाचकासाठी. कोणाचा पगार ठरवायला नव्हे.

कल्पना छापून आली, पण तिला पैसा मिळेना. गारफील्डने न्यू जर्सीत कोंबड्यांच्या जुन्या खुराड्याची डागडुजी करून तिथे आपले दुकान थाटले आणि नियतकालिकांच्या अनुक्रमणिका एकत्र छापणारे ‘करंट कंटेंट्स’ काढायला लागला. 1959 साली त्याला एक पत्र आले. पाठवणारा होता जोशुआ लेडरबर्ग, जिवाणूंच्या जनुकशास्त्रासाठी आदल्याच वर्षी नोबेल मिळवलेला तरुण शास्त्रज्ञ. तुमच्या त्या सूचीचे पुढे काय झाले, अशी त्याची विचारणा होती. लेडरबर्गचे क्षेत्र इतक्या वेगाने पसरत होते की नवा निबंध जीवरसायनाच्या नियतकालिकात येईल, की विषाणूंच्या, की भौतिकशास्त्राच्या, याचा नेम राहिला नव्हता. विषयांच्या कप्प्यांत न मावणारे शास्त्र म्हणजे रेणवीय जीवशास्त्र. त्यालाच या सूचीची सर्वांत आधी गरज वाटली, हे स्वाभाविक म्हणावे लागेल. त्याच्या शब्दाने सरकारी निधीची दारे उघडली आणि पहिला मोठा प्रयोग जनुकशास्त्राच्या वाङ्मयावर झाला. 1963 मध्ये ‘जेनेटिक्स सायटेशन इंडेक्स’ निघाला, आणि त्याच सुमारास 613 नियतकालिकांतले 14 लाख दाखले नोंदवणारा 1961 सालचा ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’. पाच जाडजूड खंड, मुंगीएवढी अक्षरे.

पुढच्याच वर्षी गारफील्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक सुंदर प्रयोग केला. आयझॅक आसिमॉव्हने ‘द जेनेटिक कोड’ या पुस्तकात डीएनएच्या शोधाची हकिगत सांगितली होती. तिच्यातले 40 टप्पे त्यांनी वेगळे काढले, 1820च्या ब्राकोनोपासून 1960च्या दशकारंभीच्या निरेनबर्गपर्यंत. मग इतिहासकाराची स्मृती बाजूला ठेवून, केवळ त्या त्या निबंधांच्या संदर्भसूचींवरून कोण कोणाशी जोडलेला आहे याचा नकाशा काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. बऱ्याच ठिकाणी ते जुळले. काही धागे असे निघाले की ते आसिमॉव्हच्या नजरेतून सुटले होते. उलट काही ठिकाणी इतिहासकाराला दिसलेले नाते सूचीत उमटलेच नव्हते. विज्ञानाचा इतिहास लिहिण्याचे नवे साधन हाती आल्याची ती पहिली खूण होती.

पण सूची हाती आली की मोजणी आलीच. आणि मोजणीत पहिला आला लॉरी.

त्याला स्वतःला याचे नवल वाटत असे. विज्ञानाचा इतिहासकार डेरेक डी सोला प्राइस याला 1969 मध्ये लिहिलेल्या पत्रात त्याने मोकळेपणाने कबूल केले होते की हा काही थोर निबंध नव्हे. इतर पद्धतींपेक्षा ती किंचित सोपी, किंचित संवेदनशील निघाली आणि आजकाल जो तो प्रथिन मोजतो, एवढेच. तरी या प्रतिसादाने मनातून गुदगुल्या होतात. जानेवारी 1977 मध्ये ‘करंट कंटेंट्स’ने भरपूर दाखले मिळालेल्या निबंधांच्या लेखकांना त्यांची कहाणी सांगायला लावणारे सदर सुरू केले, तेव्हा पहिला मान लॉरीलाच मिळाला.

लॉरीचा ज्यात जीव गुंतला होता ते काम वेगळेच होते. तो मेंदूचा रसायनतज्ज्ञ. मेंदूचा लगदा करून त्याची सरासरी काढण्यात त्याला समाधान नव्हते; एकेका चेतापेशीत काय चालते ते त्याला हवे होते. त्यासाठी त्याने केसाहून बारीक क्वार्ट्झच्या तंतूचे तराजू केले. तंतू एका टोकाला पक्का, दुसऱ्या मोकळ्या टोकावर वाळवलेल्या पेशीचा कण. तंतू किती वाकला ते सूक्ष्मदर्शकातून बघायचे आणि वजन काढायचे. ही वजने ग्रॅमच्या अब्जांश भागात असत. 1964 मध्ये त्याने उंदराच्या मेंदूचा रक्तपुरवठा तुटताच त्यातला ऊर्जेचा साठा किती झपाट्याने रिता होतो ते क्षणाक्षणाने मोजून दाखवले. पक्षाघाताचा अभ्यास करणाऱ्यांनी हे काम डोक्यावर घेतले. तरीही जगभरच्या संदर्भसूचींत त्याचे नाव राहिले ते निळ्या रंगासाठी.

‘नेचर’च्या त्या यादीतली पुढची नावेही हेच सांगतात. दुसऱ्या क्रमांकावर उलरिच लेमली. त्याच्या 1970च्या निबंधाचा विषय टी-4 या विषाणूचे डोके कसे जुळते हा होता, पण लोकांनी उचलली ती त्यात ओघाने आलेली प्रथिने जेलमध्ये आकारानुसार वेगळी करण्याची कृती. तिसऱ्या क्रमांकावर मेरियन ब्रॅडफर्ड, 1976. त्याने कूमॅसी नावाच्या निळ्या रंगाने प्रथिन मोजण्याची आणखी सोपी रीत दिली. कूमॅसी हा मुळात लोकर रंगवण्याचा रंग. यादीत वॉटसन आणि क्रिक यांचा 1953चा निबंध नाही. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना इतकी सर्वश्रुत झाली की ती लिहिताना संदर्भ द्यावा असे कोणाला वाटतच नाही. शोध पाठ्यपुस्तकात विरघळला की दाखले आटतात. पद्धतीचे तसे नाही. प्रयोग कसा केला हे दर वेळी नव्याने सांगावे लागते, म्हणून तिचा दाखला दर वेळी पडतो. हा फरक ज्याला कळला नाही त्याने संशोधकाच्या दाखल्यांची यादी हातात धरूच नये.

गारफील्डला तो कळत होता. आपल्या सूचीत कोणती नियतकालिके घ्यायची हे ठरवताना मोठी, जाडजूड नियतकालिके नुसत्या संख्येवर पुढे जातात आणि लहान पण चोखंदळ नियतकालिके मागे राहतात, असे त्याला आणि आयर्व्हिंग शेरला दिसले. म्हणून त्यांनी नियतकालिकाला मिळालेल्या दाखल्यांना त्यातल्या निबंधांच्या संख्येने भागले. तोच ‘इम्पॅक्ट फॅक्टर’. ग्रंथपालाच्या कामाचा हा भागाकार 1970च्या दशकाच्या मध्यापासून दरवर्षी प्रसिद्ध होऊ लागला आणि पुढे निवड समित्यांच्या टेबलावर पोहोचला. उमेदवाराचा निबंध वाचण्याऐवजी तो कुठे छापला हे बघितले जाऊ लागले.

2005 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतला भौतिकशास्त्रज्ञ होर्गे हिर्श याने माणसासाठीच एक आकडा काढला. एखाद्याचे 20 निबंध असे असतील की प्रत्येकाला निदान 20 दाखले मिळाले आहेत, तर त्याचा एच-निर्देशांक 20. एकाच गाजलेल्या निबंधाने तो फुगत नाही आणि कोणी वाचत नाही अशा शंभर निबंधांनीही वाढत नाही, ही त्याची खुबी. हिर्शने जीवशास्त्रज्ञांची जी यादी दिली, तिच्या शिखरावर मेंदूचा अभ्यासक होता: जॉन्स हॉपकिन्सचा सॉलोमन स्नायडर, निर्देशांक 191. गारफील्डने सूचींचा नाद ज्या वैद्यकीय परिसरात लावून घेतला, त्याच परिसरात या 191 निबंधांपैकी बहुतेक लिहिले गेले होते.

स्नायडरची ही नोंद उलगडून बघितली तर रेणवीय मज्जाविज्ञानाचा एक मोठा तुकडाच हाती येतो. 1938चा जन्म, शिक्षणाने मनोविकारतज्ज्ञ, ज्युलियस ॲक्सलरॉडच्या हाताखाली तयार झालेला. अफू मेंदूवर काम करते म्हणजे मेंदूत तिला पकडणारे काहीतरी, म्हणजे ग्राही, असणार, ही अटकळ जुनी होती. पुरावा मिळत नव्हता. स्नायडरच्या प्रयोगशाळेत कँडेस पर्ट ही पीएच.डी.ची विद्यार्थिनी यामागे लागली. अफूचा उतारा म्हणून वापरल्या जाणाऱ्या नॅलोक्सोनला तिने किरणोत्सारी हायड्रोजन जोडला, उंदराच्या मेंदूचे वाटण त्यात मिसळले, मिश्रण गाळणीतून ओढून भराभर धुतले आणि गाळणीवर किती किरणोत्सार चिकटून राहिला ते मोजले. मार्च 1973 मध्ये निष्कर्ष ‘सायन्स’मध्ये आला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एरिक सायमन आणि उप्सालात लार्स टेरेनियस यांनीही स्वतंत्रपणे तेच दाखवले. पण हॉपकिन्सच्या गाळणीची मौज अशी की तिच्यावर पुढे काहीही पारखता येई. 1976 मध्ये याच रीतीने क्रीस, बर्ट आणि स्नायडर यांनी दाखवले की स्किझोफ्रेनियावरची औषधे डोपामिनच्या ग्राहींना जितकी घट्ट चिकटतात तितका त्यांचा डोस कमी पुरतो. 1990 मध्ये डेव्हिड ब्रेडटबरोबर नायट्रिक ऑक्साइड तयार करणारे एन्झाइम मेंदूतून शुद्ध करून काढले. पद्धत आणि प्रश्न एकाच घरात नांदले, म्हणून ही यादी इतकी लांब.

या यादीत एक जखमही आहे. अफूच्या ग्राहीच्या निबंधावर पहिले नाव पर्टचे, दुसरे स्नायडरचे. गारफील्डच्या छापील सूचीत दाखले पहिल्या लेखकाच्या नावाखालीच लागत. त्या खंडांत हा शोध शोधायचा तर ‘पर्ट’ काढावे लागे. 1978 चा लास्कर पुरस्कार मात्र स्नायडरला मिळाला, जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांच्या जोडीने. पर्टने जाहीर निषेध नोंदवला आणि तो वाद अनेक वर्षे धुमसत राहिला. संगणकाने सगळ्या लेखकांना सारखे श्रेय वाटायला सुरुवात केल्यावर तोच निबंध दोघांच्याही खात्यावर एकसारखा दिसू लागला. प्रयोगशाळेत रात्री कोण जागले, हे पहिल्या पद्धतीत निदान अंधुक दिसे.

भारतात हे आकडे उशिरा आले, पण आले ते नियम होऊनच. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009-10 पासून पीएच.डी.साठी आणि प्राध्यापकांच्या बढतीसाठी छापील निबंधांना गुण जोडले. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके गल्लोगल्ली निघाली आणि आयोगाच्या मान्य यादीतही शिरली. त्यांचा पंचनामा पुण्यात झाला. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिले की विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या नियतकालिकांपैकी त्यांनी तपासलेली 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट ठरतात. त्या मे महिन्यात आयोगाने 4,305 नियतकालिके यादीतून काढली. वर्षअखेरीस नव्या ‘केअर’ यादीची घोषणा झाली आणि तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे आले. फेब्रुवारी 2025 मध्ये आयोगाने तीही यादी थांबवली आणि निवड विद्यापीठांवर सोपवली. या सगळ्यात तरुण संशोधकांची किती उमेदीची वर्षे आणि किती घरांचे पैसे गेले, याचा हिशेब कोणत्याच सूचीत नाही, आणि हे नुकसान लहान नाही.

मुंबईत रेणवीय जीवशास्त्र आणि मज्जाविज्ञान यांच्या सांध्यावर जे उभे राहिले त्याची गोष्ट आकड्यांत मावणारी नाही. होमी भाभांच्या बोलावण्यावरून ओबेद सिद्दिकी यांनी 1962 साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. सुरुवात जिवाणूंपासून झाली. 1970च्या दशकात सिद्दिकी फळमाशीच्या मेंदूकडे वळले. तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या माशांच्या चेतातंतूंत काय बिघडते यावर त्यांचा आणि सेमूर बेंझरचा निबंध 1976 मध्ये आला; ‘पॅरा’ हा अशाच माशांचा एक वाण.

सिद्दिकींचे लेखन वाचून डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातून एका विद्यार्थिनीने त्यांना पत्र धाडले. व्हेरॉनिका रॉड्रिग्ज. आईवडील गोव्याचे, जन्म केनियातला, शिक्षण कंपाला आणि डब्लिनला. भारत तिने पाहिला तो या संशोधनासाठी. कुलाब्याच्या प्रयोगशाळेत तिने वास आणि चव न कळणाऱ्या माशा शोधून वेगळ्या काढायला घेतल्या. वासाला किंवा चवीला जबाबदार असे एकेक जनुक पकडता येईल, यावर तेव्हा फारसे कोणी काम करत नव्हते. 1978 मध्ये रॉड्रिग्ज आणि सिद्दिकी यांनी ते काम छापले कुठे, तर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवर निबंधाची किंमत करणारी समिती त्यापुढे थांबलीही नसती.

जगातले वासाचे अभ्यासक मात्र थांबले. फळमाशीच्या नाकाचे जनुकशास्त्र लिहायला बसले की त्या निबंधापाशी यावेच लागते. त्यात ‘ओल्फ-डी’ नावाचा एक वाण होता. पुढे अमेरिकेत जॉन कार्लसनच्या प्रयोगशाळेत ‘स्मेलब्लाइंड’ नावाच्या वास न कळणाऱ्या माशांचा अभ्यास झाला, तेव्हा तो दोष आणि मुंबईचा ‘ओल्फ-डी’ एकाच जनुकातले निघाले. 1994 मध्ये ते जनुक कोणते तेही कळले. चेतातंतूंत सोडियमचे दार उघडणारे ‘पॅरा’, म्हणजे बेंझर आणि सिद्दिकी 1976 मध्ये ज्या लुळ्या माशांचे तंतू तपासत होते त्यांचेच. रॉड्रिग्ज पुढे टाटा संस्थेतल्या विभागाच्या प्रमुख झाल्या, मग बंगळुरूच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रात गेल्या, आणि 2010 साली वारल्या तेव्हा माशीच्या गंधज्ञानाची जडणघडण शिकवणारी एक अख्खी पिढी त्यांच्या हाताखालून गेलेली होती.